पाचरीच्या पुढे धावणारी चीर

पाचर लाकडाला टेकते तेव्हा आधी काहीच घडत नाही. इंजिनाचा सूर किंचित खाली उतरतो, ओंडका समोरच्या जाड पोलादी पाटीवर घट्ट बसतो आणि पाचर अर्धा-पाऊण इंच आत शिरते. मग साल ताणली जाते. ओंडक्याच्या तोंडावर आधीपासूनच असलेली केसाएवढी भेग रुंदावते, काळी दिसू लागते, आणि एकाएकी पाचरीला मागे टाकून पुढे पळत सुटते. पाचर जेमतेम दोन इंच आत गेलेली असते आणि चीर सोळा इंचांचा ओंडका पार करून पलीकडे निघालेली असते. त्यानंतर पाचरीची धार कशालाच टेकत नाही. तिचे दोन्ही गाल तेवढे लाकडाला बाजूला सारत राहतात.

ट्रॅक्टरमागे जोडायच्या हायड्रॉलिक लाकूडफोड यंत्राची जाहिरात नेहमी टनांत होते: दहा टन, पंधरा टन, वीस टन. आकडा खोटा नसतो. पण यंत्राची गोडी त्या आकड्यात शोधू गेलं तर हाती काही लागत नाही. ती आहे त्याच्या संथपणात. कुऱ्हाडीच्या घावात जे पापणी लवायच्या आत उरकतं, तेच इथे काही सेकंद आपल्यासमोर उलगडत राहतं. लाकूड कुठे हट्ट धरतं, कुठे आपणहून वाट देतं, गाठ कुठे दडली आहे, हे सगळं या संथ चालीत वाचता येतं. आणि ज्याला ते वाचता येतं त्याला यंत्रातले सगळे टन क्वचितच लागतात.

हे यंत्र पाहायचं तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, व्हरमाँट किंवा न्यू हॅम्पशायरमध्ये पाहावं. लाकडाच्या शेगडीवर हिवाळा काढणारी घरं तिथे आजही पुष्कळ आहेत, आणि एका हिवाळ्यात चार-पाच कॉर्ड लाकूड जाळणारं घर तिथे कुणाला नवलाचं वाटत नाही. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास: १२८ घनफूट, आपल्या हिशेबात सुमारे ३.६ घनमीटर. एवढं लाकूड फोडायला घरच्या छोट्या ट्रॅक्टरमागे एक तुळई, एक सिलिंडर आणि एक पाचर पुरते. १९९४ पासून महिंद्रचे ट्रॅक्टरही अमेरिकेत विकले जातात, तेव्हा तिथल्या एखाद्या अंगणातल्या लाल बॉनेटवर ओळखीचं नाव दिसलं तर दचकू नये. पलटी नांगर वापरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला तर या यंत्राची निम्मी ओळख आधीपासूनच असते. ट्रॅक्टरच्या ज्या तेलावर त्याचा नांगर कूस बदलतो, तेच तेल इथे ओंडका उकलतं.

पहिली दाद द्यावी ती जोडणीला. ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन दांडे आणि वरची टॉप लिंक असे तीन बिंदू, आणि त्यांवर पेललेलं अवजार. ही थ्री-पॉइंट रचना हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं नांगरासाठी घडवली, आणि १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर चढून ती अमेरिकी शेतांत पोचली. लाकूड फोडणं तिच्या मूळ हेतूत कुठेच नव्हतं. तरी लाकूडफोडीला तिनं जे दिलं ते फार मोलाचं आहे: उंची. लिफ्टच्या लिव्हरनं तुळई हवी तिथे थांबवता येते. मांडीएवढ्या जाडीचे ओंडके फोडायचे असले की ती कमरेशी आणायची, म्हणजे पाठ वाकवावी लागत नाही. दोघांनाही न उचलणारा बुंधा आला की ती जमिनीलगत उतरवायची आणि बुंधा लोटत तिच्यावर चढवायचा. काम संपलं की अख्खं यंत्र उचलून जिथे झाड पडलं असेल तिथे न्यायचं. जाणकार माणूस आणखी एक गोष्ट करतो, ती सहज नजरेतून सुटते: यंत्राचा पाय जमिनीला टेकेपर्यंत तो तुळई खाली घेतो, वजन लिफ्टच्या दांड्यांवरून जमिनीवर देतो आणि मग टॉप लिंक फिरवून ओळंबा साधतो. एवढ्या दोन फेऱ्यांत पुढच्या दिवसभराचं डुलणं थांबतं.

आता तुळईकडे वळू. 'एच' आकाराच्या छेदाचा पोलादी गर्डर, एका टोकाला सिलिंडर, दुसऱ्या टोकाला जाड पाटी किंवा पाचर. पाहणाऱ्याला वाटतं, एवढा रेटा ट्रॅक्टरला पुढे ढकलत असेल, मागच्या चाकांना ब्रेक लावावा लागत असेल. ट्रॅक्टर उभा करताना ब्रेक लावावाच, पण या रेट्याची चाकांना खबरसुद्धा नसते. सिलिंडर ओंडक्याला लोटतो, ओंडका पाटीला लोटतो, आणि सिलिंडर व पाटी दोघेही त्याच तुळईवर पक्के बसलेले असतात. म्हणजे जोर तुळईतून निघतो आणि तुळईतच परत येतो. बाहेर काहीही सांडत नाही. ट्रॅक्टर फक्त यंत्राचं वजन पेलतो आणि तेल पुरवतो. जोराची रेषा मात्र तुळईच्या मध्यातून न जाता तिच्या वरून जाते, म्हणून हट्टी ओंडका आला की तुळई धनुष्याच्या दांडीगत अगदी थोडी वाकते आणि लाकूड उकलताक्षणी सरळ होते. कारागिरानं गर्डरची जाडी नीट निवडली असेल तर हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही, हात ठेवला तर मात्र जाणवतं. पोलादाला इतपतच वाकू द्यायचं आणि त्याच्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही, हा हिशेब ज्यानं केला त्याच्यापुढे मान लववावी.

पाचरीवर रेंगाळण्यासारखं बरंच आहे. नवख्याला वाटतं ती धारदार असावी. तशी ती असायला लागत नाही. कुऱ्हाडीला आडव्या तंतूंतून वाट काढायची असते. पाचरीला तंतूंच्या मधल्या जागेत शिरायचं असतं. चांगल्या पाचरीचं तोंड निमुळतं असतं, म्हणजे सुरुवात कमी जोरात होते. तिथून काही इंच मागे तिचे गाल पंखांसारखे एकदम फाकतात. निमुळता भाग चीर सुरू करतो आणि फाकलेला भाग ती रुंद करतो, ही दोन कामं एकाच पोलादाच्या तुकड्यावर एकामागोमाग मांडलेली असतात. सुरुवातीपासूनच पाचर रुंद केली तर ती लाकूड उकलण्याऐवजी चेचते. शेवटपर्यंत निमुळती ठेवली तर धागेदार लाकडात ती रुतून बसते. जुन्या यंत्राच्या पाचरीचे गाल एकदा नीट न्याहाळावे. रंग कधीच उडालेला असतो आणि पोलाद घासून घासून आरशागत झालेलं असतं. खरं काम कुणी केलं त्याची नोंद तिथे आपोआप झालेली असते.

त्याहून नाजूक जागा चौफुली पाचरीत सापडते. उभ्या पाचरीवर दोन आडवे पंख बसवले की एका फेरीत ओंडक्याचे चार तुकडे होतात. पण चांगल्या घडणीत हे पंख उभ्या धारेच्या रेषेत नसतात, थोडे मागे असतात. आधी उभी धार लाकडात शिरते, चीर पडते, ओंडक्याचा घट्टपणा मोडतो, आणि मगच पंख येऊन टेकतात. चारही धारा एकदम भिडल्या असत्या तर सुरुवातीलाच जास्तीत जास्त जोर लागला असता. दोन-तीन इंचांच्या या माघारीमुळे तो भार वाटून जातो. विकत घेताना कुणी या अंतराकडे पाहत नाही. पण फोडताना दर ओंडक्याला ते अंतर आपलं काम चोख करतं, आणि घडवणाऱ्यानं लाकूड स्वतःच्या हातानं फोडलं आहे की नाही हेही त्यावरून कळतं.

आता तेलाकडे. चार इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंचांच्या आसपास येतं. दर चौरस इंचाला २५०० पौंड दाब धरला तर जोर ३१ हजार पौंडांवर, म्हणजे सुमारे चौदा टनांवर जातो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कालनं सतराव्या शतकात मांडलं, आणि जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये हायड्रॉलिक दाबयंत्राचं पेटंट घेतलं. तत्त्व एवढंच आहे आणि ते शाळेत शिकवतात. त्याचं सौंदर्य मात्र एका गोष्टीत आहे, जी शाळेत बहुधा सांगत नाहीत: पंप दाब निर्माण करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. दाब किती चढायचा ते समोरचं लाकूड ठरवतं. यंत्रावर दाबमापक बसवलेला असेल तर ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. सरळ रेषेच्या ॲश झाडाच्या ओंडक्याला काटा थोडासा उठतो आणि चीर पळाली की कोसळतो. गाठाळ मेपल आला की तो हळूहळू चढत जातो, थबकतो, पुन्हा चढतो. चौदा टन ही फक्त मर्यादा आहे. तिच्या वर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल मुकाट टाकीत परततं. त्या मर्यादेखाली दर ओंडका आपला दाब आपण लिहितो. सामर्थ्यवान असून समोरच्याच्या गरजेइतकंच बोलणारं दुसरं यंत्र चटकन आठवत नाही.

चालही बघण्यासारखी आहे. त्या सिलिंडरची धाव चोवीस इंच असेल तर तो पूर्ण भरायला सुमारे पाच लिटर तेल लागतं. छोट्या ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला तेवीस लिटरच्या आसपास तेल देत असेल तर पुढे जायला तेरा सेकंद. परत यायला त्याहून कमी, दहाच्या आतबाहेर, कारण परतीच्या बाजूला दट्ट्याच्या दांड्यानंच काही जागा अडवलेली असते आणि तेल कमी लागतं. स्वतःचं इंजिन असलेल्या सुट्या यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो: लाकूड अडेपर्यंत झपाझप, अडलं की हळू आणि जोरात. ट्रॅक्टरच्या पंपाला हा दुहेरी स्वभाव नाही. रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ओंडका सरळ असो की आडमुठा, पाचर आपल्या एकाच चालीनं, सेकंदाला पावणेदोन-दोन इंच, पुढे सरकते. घाई असलेल्याला हा दोष वाटेल. रसिकाला मात्र हीच मोजपट्टी मिळते. लय बदलत नाही म्हणून लाकडातला फरक उठून दिसतो. विलंबित ठेका पक्का असला की त्यावरची प्रत्येक हरकत ऐकू यावी, तसंच.

लिव्हर धरणाऱ्या हाताकडे आता लक्ष द्या. नवखा माणूस लिव्हर पूर्ण दाबतो, पाचर टोकापर्यंत नेतो आणि मग पूर्ण मागे आणतो. दर ओंडक्याला चोवीस इंच जाणं आणि चोवीस इंच येणं. ओंडके मात्र सोळा इंचांचे असतात, कारण तिथल्या शेगड्यांना तेवढ्याच लांबीचं लाकूड लागतं. सराईत माणूस चीर पलीकडे पोचल्याचा आवाज ऐकतो आणि तिथेच लिव्हर उलटवतो. परत येतानाही पाचर सतराव्या-अठराव्या इंचावर थांबवतो, म्हणजे पुढचा ओंडका बसेल एवढीच जागा. काही यंत्रांत परतीच्या लिव्हरला खाच असते: एकदा ढकलला की तो तसाच राहतो आणि दट्ट्या टोकाला पोचल्यावर टक् करून आपोआप मधोमध येतो. तेवढ्या वेळात माणूस पुढचा ओंडका उचलतो. दाबण्याच्या बाजूला मात्र अशी खाच मुद्दाम ठेवलेली नसते. तिथे हात सुटला की पाचर थांबलीच पाहिजे. युरोपी यंत्रांवर तर दोन्ही हात गुंतवणारे दोन लिव्हर असतात, त्यातला एक सोडला तरी पाचर जागच्या जागी थबकते. अपघात होतात ते बहुधा एकाचं काम दोघांच्या हातांत गेलं की: एक ओंडका धरतो आणि दुसरा लिव्हर दाबतो. जाणकार ओंडका ठेवणारा आणि लिव्हर दाबणारा एकच माणूस ठेवतात. नळीला बारीक गळती वाटली तर ती बोटानं चाचपत नाहीत, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघतात. त्या दाबाचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून कातडीत शिरतं. संथपणाचा आदर कसा करायचा, ते अशा सवयींत दिसतं.

आता यंत्र बाजूला ठेवून लाकूड वाचू. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीला समांतर असतात, आणि गाभ्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारखे पेशींचे पट्टे जातात. लाकूड सर्वांत सहज उकलतं ते या आऱ्यांच्या दिशेनं. ओंडका वाळू लागला की त्याच्या तोंडावरच्या भेगाही याच दिशेनं पडतात. म्हणून जाणकार ओंडका तुळईवर ठेवला की एकदा गोल फिरवतो आणि सर्वांत मोठी भेग पाचरीच्या रेषेत आणतो. लाकडानं जो प्रश्न आधीच सोडवायला घेतला आहे तोच जाणकार पुढे नेतो. रेड ओकमध्ये हे पट्टे रुंद असतात, त्यामुळे उकललेल्या भकलाच्या तोंडावर रुपेरी चकाकणारे आडवे तुकडे दिसतात. फर्निचरवाले ही चकाकी मिळवायला खोड खास पद्धतीनं कापून घेतात. लाकूडफोड्याला ती दर ओकमागे फुकट मिळते, आणि ती शेगडीत जाते.

गाठ आली की बैठक बदलते. गाठ म्हणजे खोडात रुतलेला फांदीचा बुंधा. तिथे तंतू वळसा घेतात आणि चीर अडखळते. सराईत माणूस गाठ पाचरीच्या तोंडाशी ठेवत नाही, पाटीच्या बाजूला ठेवतो. चीर आधी सरळ तंतूंतून सुरू होते, वेग घेते, आणि गाठीपाशी पोचेपर्यंत दोन्ही भकलं इतकी फाकलेली असतात की ती स्वतःच तरफ बनून गाठ फाडतात. बेचकं असेल, म्हणजे खोडाचे दोन फाटे झाले असतील, तर पाचर बुंध्याच्या बाजूनं घालायची आणि दोन्ही फाट्यांच्या मध्यांतून जाईल अशी धरायची. फार मोठा ओंडका असेल तर मधोमध वार करायच्या भानगडीत पडायचंच नाही. कडेकडेनं फळ्या काढत आत जायचं, शेवटी उरलेला गाभा फोडायचा. या तिन्ही चालींत जोर वाढत नाही, फक्त ओंडका काही अंश फिरतो. मनगटाच्या एका वळणानं काटा अर्ध्यावर उतरताना पाहणं, हे या कामातलं सगळ्यांत शुद्ध सुख.

झाडागणिक स्वभाव निराळा. ॲश हा आदर्श: सरळ रेषा, स्वच्छ फट्, दोन गुळगुळीत भकलं, धागा एकही नाही. शुगर मेपल जड आणि गंभीर, पण गाठी नसल्या तर प्रामाणिक. एल्म म्हणजे कसोटी. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. चीर पुढे पळतच नाही, पाचरीला शेवटच्या इंचापर्यंत स्वतः चालावं लागतं, आणि दोन भकलं विलग झाली तरी मध्ये नारळाच्या सोडणासारखे धागे ताणलेले राहतात. पाचर सरकते तसतसे ते एकेक तुटतात आणि तो आवाज दूरवर ऐकू येतो. कुऱ्हाडीनं एल्म फोडू पाहणाऱ्याचा दिवस फुकट जातो. यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. चाल तीच, सेकंदाला दोन इंच. यंत्राचं मोठेपण ॲशनं कळत नाही, एल्मनं कळतं.

नाकालाही काम आहे. ताज्या रेड ओकचा वास आंबूस, जरा उग्र. ब्लॅक बर्च उकलला की मात्र आपल्या माणसानं चमकून इकडेतिकडे पाहावं: थेट सांधेदुखीच्या मलमाचा वास. हा भास नाही. त्या झाडाच्या सालीत मिथाइल सॅलिसिलेट असतं आणि मलमातही तेच घालतात. घरापासून एवढ्या लांब बर्फात, ओंडक्याच्या पोटातून आजीच्या खोलीचा वास यावा, हा या लाकडाचा खास प्रसाद.

ॲशची साल मात्र आज वेगळीच गोष्ट सांगते. आशियातून आलेला एक हिरवा चकाकणारा भुंगा, एमराल्ड ॲश बोरर, २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, आणि २०१८ मध्ये व्हरमाँटमध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात आणि झाडाचा रस तोडतात. म्हणून तिथल्या अंगणांत आज ॲशच्या ओंडक्यांचे ढीग दिसतात. पाचर लागली की मेलेल्या ॲशची साल सोलून पडते, खालचं नक्षीकाम उघडं होतं, आणि सालीवर भुंगा बाहेर पडल्याची इंग्रजी 'डी'च्या आकाराची भोकं दिसतात. यामुळेच तिथे जळाऊ लाकूड लांब नेऊ नका असं बजावतात. लाकडाबरोबर कीडही प्रवासाला निघते. वळणदार आणि सुबक असलेलं ते नक्षीकाम म्हणजे झाडाच्या मृत्यूचा दाखलाच, आणि तो लाकूड फोडणाऱ्याच्या हातात येतो.

हवामानाचीही या खेळात भूमिका आहे, आणि ती दुटप्पी आहे. कडाक्याच्या थंडीत ओल्या लाकडातलं पाणी गोठतं आणि लाकूड ठिसूळ होतं. उणे वीस अंशांवर ओला मेपलही काचेगत तडकतो. पण त्याच थंडीत हायड्रॉलिक तेल घट्ट होतं, पंप कुरकुरतो, दट्ट्या रखडतो. म्हणून लाकडाला थंडी हवी आणि तेलाला ऊब. जाणकार ट्रॅक्टर कमी रेसवर बराच वेळ चालू ठेवतो, पाचर रिकामीच चार-सहा वेळा पुढेमागे करतो, तेल गरम झालं की ओंडके आणतो. लाकूड गोठलेलं आणि तेल वाहतं, असा तो नेमका तास पकडणं ज्याला जमलं त्याचं अर्धं काम झालं.

फोडलेल्या लाकडाच्या आकारावरूनही कारागीर ओळखता येतो. घरच्या शेगडीत रात्रभर धग राहावी म्हणून जाड भकलं ठेवतात. मेपल सिरप आटवायच्या झोपडीत मात्र उलट: तिथे चाळीस लिटर रस आटून जेमतेम एक लिटर सिरप होतं, कढई सतत उसळती राहिली पाहिजे, म्हणून लाकूड मनगटाएवढं बारीक फोडतात, म्हणजे ते भडकून जळतं. एकाच ओंडक्याचं काय करायचं हे पाचर ठरवत नाही. फोडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी आग असते ती ठरवते. आणि फोडण्याचं मूळ कारणही आगच. साल पाणी अडवून धरते, उकललेलं तोंड ते सोडून देतं. वीस टक्क्यांहून कमी ओलावा उरला की लाकूड नीट जळतं. ॲशला त्यासाठी सुमारे एक वर्ष पुरतं, ओकला दोन लागतात. ओलावा मोजायचा तर राशीतलं एक लाकूड पुन्हा फोडून त्याच्या ताज्या तोंडावर मोजावा, बाहेरच्या पृष्ठभागावर नव्हे. बाहेरचं लाकूड कोरडेपणाचं सोंग आणतं, पाचर ते सोंग उतरवते.

कुऱ्हाडीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. गोठलेल्या, सरळ, गाठ नसलेल्या ॲशवर चांगला कुऱ्हाडवाला या यंत्राला सहज मागे टाकेल. यंत्र तेरा सेकंदांत पोचेल तोवर त्याचे दोन-तीन ओंडके झालेले असतील. तिथे यंत्राची बाजू घेणं म्हणजे उगाच हट्ट. यंत्राची जागा आहे ती बेचक्यांत, एल्ममध्ये, दोघांना न उचलणाऱ्या बुंध्यात, आणि पन्नाशी ओलांडलेल्या पाठीच्या माणसाच्या अंगणात. ती जागा यंत्र इतक्या समजूतदारपणे भरतं की कुऱ्हाडीला कमी लेखावं असं मनातही येत नाही.

एखाद्या अंगणात ते चालू दिसलं तर आधी पाचरीकडे पाहू नका. चालवणारा ओंडका फिरवतो का ते बघा, गाठ कुठल्या बाजूला ठेवतो, चीर पळाल्याबरोबर लिव्हर उलटवतो की टोकापर्यंत वाट पाहतो, ते बघा. काटा असेल तर तो किती वेळा अर्ध्याच्या वर जातो ते मोजा. यंत्र किती टनांचं आहे हे विकणाऱ्याला विचारावं. फोडणाऱ्याला विचारायचा प्रश्न वेगळा: आज दिवसभरात किती ओंडक्यांना ते टन लागलेच नाहीत?